गोव्यात राहून लोकर कुणासाठी विणता? (आणि गाडी चालवताना घालायच्या स्वेटरसाठी मदत हवी आहे)

साखळीटाका | २३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

शीर्षकातला पहिला प्रश्न माझा नाही. तो मला बसमध्ये, लग्नात, देवळात, डॉक्टरच्या दारात कुणीही विचारतं. "गोंयांत थंडी खंय आसा गो?" आणि वर पंख्याकडे बोट.

मी माहेरची बेळगावची, लग्न होऊन साखळीला आले त्याला अकरा वर्षं झाली. (आयडीवर हसू नका. गावाचं नाव साखळी आणि क्रोशाचा पहिला धडाही साखळी, हे माझ्या सहा महिन्यांनी लक्षात आलं.) नोकरी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांच्या कंपनीच्या लॅबमध्ये. कंपनीची बस आमोणे, माशेल, म्हार्दोळ करत तासाभरात पोचवते. माझं जवळजवळ सगळं विणकाम त्या बसमध्ये होतं. घरी सुया हातात घेतल्या की कुणाला तरी चहा हवा असतो.

लॅबमध्ये लोकर न्यायची सोय नाही. पिशवी लॉकरमध्ये आणि अंगावर एकही तंतू नको. म्हणून बसमधून उतरलं की आम्ही दोघी-तिघी एकमेकींच्या पाठीवरची लोकर वेचत उभ्या असतो, माकडिणींसारख्या. दिवसभर दशांश चार स्थळांपर्यंत वजनं करायची आणि संध्याकाळी बसमध्ये "अंदाजे वीतभर झालं की बाही सुरू कर" असं स्वतःला सांगायचं, यात मला फार सुख वाटतं.

आता मुद्दा. भाऊ सप्टेंबरात मॉन्ट्रियलला गेला. दिवसा शिक्षण, संध्याकाळी गाडीतून पार्सलं पोचवतो. त्याला गाडीत घालायला स्वेटर हवाय, कारण जाड जाकीट घालून स्टिअरिंग नीट फिरत नाही म्हणतो. ओळखीचे एक जण १८ डिसेंबरला तिकडे निघतायत, त्यांच्याबरोबर पाठवायचाय.

लोकर मेरिनो मिश्रणाची, १०० ग्रॅमचे सात गोळे, बेळगावहून आणलेले. पॅटर्न नेटवर फुकट मिळालेला, अमेरिकन. भावाची छाती ४०, स्वेटर ४४ चा. १९८ टाके, गोलात, आठ नंबरची सुई. खालून वर ९ इंच झालंय. जरा चिंचोळं दिसतंय, पण सर्क्युलर सुईवर असतं तोवर तसंच दिसतं, अशी स्वतःची समजूत घातली आहे.

प्रश्न: गाडी चालवणाऱ्याच्या बाहीची लांबी कशी घ्यायची? पाठ लांब ठेवू का? गळा कसा?

आणि एक अवांतर. मी दर दुसऱ्या रविवारी चोर्ला घाटातून आईकडे जाते. हल्ली पहाटे एवढं धुकं असतं की केरी सोडल्यावर काचेतून काही दिसेनासं होतं. रोज जाणाऱ्यांनी काही सांगावं.

---

उलट_सुलट | २३ नोव्हेंबर, रात्री ११:०५

पुण्याहून विचारतो. गाडी चालवताना विणत नाही ना? एवढं सांगा, मग झोपतो.

---

साखळीटाका | २३ नोव्हेंबर, रात्री ११:०९

झोपा.

---

मडगावची_मावशी | २४ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

कितें गो बाये, ते "जरा चिंचोळं" वाचून माझी झोप उडाली.

पॅटर्न अमेरिकन म्हणतेस आणि सुई आठ नंबरची. आठ नंबर कुठला? आपल्याकडे मिळणाऱ्या सुयांवर जुने इंग्रजी नंबर असतात. त्यात नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. आपली आठ म्हणजे ४ मिलिमीटर, दहा म्हणजे सव्वातीन. अमेरिकेत उलटं, नंबर वाढला की सुई जाड. त्यांची आठ म्हणजे ५ मिलिमीटर.

आता उठ, मोजपट्टी घे, कापड सपाट ठेव आणि चार इंचात किती टाके बसतात ते मोजून इथे लिही. ओढून मोजू नको, मनाला हवं तसं मोजू नको.

---

साखळीटाका | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

बसमधून लिहितेय. चार इंचात २२.

पॅटर्नमध्ये १८ लिहिलंय.

---

मडगावची_मावशी | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:३१

म्हणजे इंचाला साडेपाच. १९८ भागिले साडेपाच, ३६.

चाळीस छातीच्या माणसाला छत्तीसचा स्वेटर. तो घातला तर स्टिअरिंग राहू दे, श्वाससुद्धा घेता यायचा नाही.

---

साखळीटाका | २४ नोव्हेंबर, रात्री ९:१५

आमोण्याच्या पुलावर हिशोब कळला आणि माशेलपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. शेजारच्या मैत्रिणीला वाटलं घरी काही झालं.

नऊ इंच म्हणजे तीन आठवड्यांचं जाणं-येणं. दिवसभर लॅबमध्ये मी दुसऱ्यांच्या आकड्यांतल्या चुका काढते आणि स्वतः टाके मोजायला आधी विणतात तो नमुन्याचा चौकोन विणला नाही. वेळ वाचवला ना मी!

आता काय? सगळं उसवून ५ मिलिमीटरची सुई घेऊ?

---

मडगावची_मावशी | २४ नोव्हेंबर, रात्री ९:४०

उसव, पण सुई बदलू नको. टाके बदल. ही लोकर चार मिलिमीटरवर घट्ट, छान बसतेय. पाचवर विणलीस तर जाळी होईल, नि मुलगा चाललाय बर्फात. ४४ गुणिले साडेपाच, २४२ टाके. काठ दोन सुलट दोन उलट ठेवणार असशील तर चारने भाग गेला पाहिजे, म्हणून काठाला २४० घे आणि काठ संपल्यावर दोन टाके वाढव. काठ दहा नंबरवर, आपल्या दहा.

उसवलेली लोकर तशीच घेऊ नको, शेवयांसारखी कुरळी झालेली असते. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी कर, चार ठिकाणी सैल बांध, कोमट पाण्यात बुडवून दोरीवर टांग. पिळायची नाही. गोव्यात वाळायला दोन दिवस धर. पावसाळ्यात आठवडा लागला असता, त्या मानाने नशीब.

मी स्वतः क्रोशाने सुरुवात केली. शेजारच्या ख्रिस्ती आजीकडे शिकले, आल्तारच्या कापडाला ती बोटभर रुंदीची लेस करायची. एक खांब (क्रोशाचा उंच टाका) चुकला की सगळी ओळ उसवायला लावायची, आणि उसवताना गप्पा मारायची, म्हणजे रडू येत नसे. तुझ्याजवळ बसायला मी नाही, तर धाग्यावर ये.

---

तारवटी | २५ नोव्हेंबर, दुपारी १:१०

वास्कोहून. एकोणीस वर्षं जहाजावर इंजिन रूममध्ये काढली, तिथेच विणायला शिकलो. पुरुष विणतो म्हणून कुणी हसलं की त्याला कानटोपी देतो, उत्तर समुद्रात गप्प होतो.

नवा झुआरी पूल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि माझं विणकाम निम्म्यावर आलं. पूर्वी पणजीला जाताना बायको चालवायची, मी शेजारी, आणि जुन्या पुलाच्या कोंडीत अर्धी टोपी व्हायची. आता सुया काढेपर्यंत पूल संपतो.

बाहीचं सांगतो. उभ्या माणसाची बाही मोजू नका. हात पुढे गेला आणि कोपर वाकलं की बाही दीड-दोन इंच वर चढते. भावाला खुर्चीवर बसवा, हातात ताट धरायला सांगा आणि मानेच्या मणक्यापासून खांद्यावरून, कोपरावरून मनगटापर्यंत कुणाला तरी मोजायला सांगा. तेच माप. आणि मनगटाचा काठ चांगला तीन इंच, घट्ट.

काखेत पाचर घाला. म्हणजे अंग आणि बाही जिथे जुळतात तिथे दोन-अडीच इंचांचा जास्तीचा चौकोन. जुन्या कोळ्यांच्या स्वेटरांत तो असायचाच, जाळं ओढायला हात वर जायचा म्हणून. तो नसला की हात उचलल्यावर सगळा स्वेटर वर येतो.

पाठ दोन इंच लांब ठेवा. कमरेत गार लागत नाही.

---

म्हापशाची_मॉन्ट्रियलला | २६ नोव्हेंबर, पहाटे ५:३०

पाठ लांब अजिबात नको! तारवटी, जहाजावर तुम्ही उभे असता. गाडीत माणूस पाठीच्या काठावर बसतो, मग हलला की मागून ओढ बसून पुढचा गळा कंठाला लागतो. माझ्या नवऱ्याचे असे दोन स्वेटर कपाटात पडून आहेत. पाठ-पोट सारखं, कंबरेच्या हाडापर्यंत, बस.

गळा: उंच, दुमडायचा नको. मागे वळून बघताना हनुवटी अडकते. साधा गोल गळा किंवा वरून सहा इंच चेन. गाडी तापली की त्याला लगेच मोकळं होता आलं पाहिजे. पार्सलवाल्याचं आयुष्य म्हणजे दहा मिनिटं वीस अंश, दोन मिनिटं उणे वीस. त्यात घाम येतो, तो गार पडतो, मग शिंका. म्हणून खरी लोकर हवी. ती स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल आत घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. ॲक्रिलिकमध्ये घाम कातडीवरच राहतो. पण लेबल बघ, मशीनमध्ये चालणारी आहे का. इथे कपडे वाळवायचं यंत्र असतं, आणि तुझा भाऊ ते वापरणार, नाही म्हणालीस तरी वापरणार. माझ्या आईने पाठवलेला स्वेटर आता माझ्या मुलीच्या बाहुलीला होतो.

हातमोजे विणून पाठवू नकोस, निदान चालवायला नको. लोकर स्टिअरिंगवर घसरते. तळव्याला चामडं असलेले त्याला इथे घेऊ दे.

आणि त्याला विचार, टायर बदललेस का? क्यूबेकमध्ये, म्हणजे मॉन्ट्रियलच्या प्रांतात, १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने लागतात. डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह बाजूला असतं. नवीन आलेल्यांना वाटतं बर्फ पडला की बघू. बर्फाचा प्रश्न नंतर येतो. सात अंशांच्या खाली साध्या टायरचं रबरच कडक होतं आणि कोरड्या रस्त्यावरही पकड कमी होते. त्याहून वाईट म्हणजे काळं बर्फ. रस्ता नुसता ओला दिसतो, पण तो गोठलेला असतो. पुलांवर आधी गोठतो, कारण खालूनही वारा. तिथे ब्रेक दाबायचा नाही, पाय उचलायचा आणि स्टिअरिंग सरळ. मी पहिल्या वर्षी दाबला. गाडी एखाद्या भोवऱ्यासारखी फिरून साचलेल्या बर्फात जाऊन बसली. मी बसल्या जागी "देवा बोडगेश्वरा" म्हणाले, शेजारची मैत्रीण फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाली, अर्थ एकच असावा.

---

उलट_सुलट | २६ नोव्हेंबर, सकाळी ९:००

मफलर पाठवणार असाल तर आखूड पाठवा. इझाडोरा डंकन ही नर्तकी १४ सप्टेंबर १९२७ ला नीस शहरात उघड्या गाडीत बसली, गळ्यातला लांब रुमाल चाकात अडकला आणि ती गेली. रुमाल रेशमी होता, पण चाकाला काय त्याचं.

सकाळी सकाळी आनंद पसरवायची माझी पद्धत.

---

धुंवर | २६ नोव्हेंबर, रात्री १०:२५

घाटाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी आठवड्यातून तीनदा बेळगावहून भाजी आणतो, चोर्ल्यातून.

ताई, काच बाहेरून धुरकट होते की आतून? आधी बोट लावून बघा. दोन्हींचा इलाज उलटा आहे.

साखळी-केरीच्या बाजूला हवा दमट, आणि तुम्ही एसी जोरात लावला तर काच गार पडते, मग बाहेरून दव धरतं. वायपर मारा आणि एसीचं तापमान वाढवा. वर गेल्यावर, सुर्ल्याच्या पठाराकडे, बाहेर गार आणि आत तुमचे श्वास, तेव्हा आतून धरतं. मग एसी सुरूच ठेवून वारा समोरच्या काचेवर घ्या आणि आतलीच हवा फिरवायचं बटण बंद करा, बाहेरची येऊ द्या. कापडाने पुसत बसू नका, चट्टे पडतात आणि समोरचा ट्रक त्या चट्ट्यात लपतो.

दिवे लो बीमवर. हाय बीम धुक्यावर आपटून डोळ्यात परत येतो, पांढरी भिंत दिसते. रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी रेघ धरून चला. वळणाआधी हॉर्न. ट्रकच्या मागच्या लाल दिव्याला चिकटून जाऊ नका, तो थांबला तर तुम्हाला तो आत गेल्यावर कळेल.

आणि गवे. गोव्याचा राज्यप्राणी आहे, रस्ता त्याचाच आहे. एक दिसला की थांबा, मागे आणखी असतात. हॉर्न नको, दिवे चालू-बंद नको.

---

साखळीटाका | ३० नोव्हेंबर, रात्री ८:३०

धुंवरदादा, देव बरें करूं. आज बोट लावून बघितलं. बाहेरून होतं. दोन वर्षं मी आतून पुसत होते.

पण वर पोचले तर दहा फुटांपुढचं दिसेना. रुंद जागा बघून बाजूला घेतली, दिवे लुकलुकत ठेवले, थर्मास काढला. खाली अंजुण्याचं धरण असतं, आज नुसता कापूस. मांडीवर स्वेटर होता. (गाडी बंद होती, उलट_सुलट.) गोलातल्या दोन चकरा विणून झाल्या, म्हणजे पाचशेला सोळा टाके कमी. काच खाली केली होती. धुक्यात लोकरीला वेगळाच वास येतो, ओल्या मेंढीचा, आणि धागा बोटावरून जरा जड सरकतो. तिसरी चकर अर्ध्यात असताना समोरच्या झाडाची खालची फांदी दिसली, मग वरची. मग तिथे झाडामागे चार गवे उभे होते, ते दिसले. किती वेळ होते कोण जाणे. मी सुया खाली ठेवल्या, का ते माहीत नाही. ते रस्ता ओलांडून गेले, शेवटचा जरा थांबून माझ्याकडे बघून गेला.

कणकुंबी, जांबोटी करत दीड तास उशिरा पोचले. आईने दारातच विचारलं, "किती झालं?" मला वाटलं किती वाजले. तिला स्वेटर विचारायचा होता.

आईने एक बाही करायला घेतलीय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ती गडद रंग विणत नव्हती, हा राखाडी आहे म्हणून चालेल म्हणाली. भावाचं माप ताटवाल्या पद्धतीने घेतलं, त्याच्या खोलीतल्या मित्राने. ताट नव्हतं, लॅपटॉप धरला.

नवी अडचण: उसवून टाके वाढवल्यावर सात गोळे पुरणार नाहीत असं दिसतंय. आठवा घ्यायला त्याच दुकानात गेले, शेड नंबर तोच पण लॉट, म्हणजे रंगवण्याची खेप, वेगळा. दिव्याखाली कळत नाही, उन्हात कळतं.

---

मडगावची_मावशी | ३० नोव्हेंबर, रात्री ९:०५

दोन ओळी जुन्या गोळ्याच्या, दोन नव्याच्या, असं मिसळत ने. नाहीतर तो आठवा फक्त गळ्याला आणि मनगटाच्या काठांना वापर, मग मुद्दाम केलंय असं वाटतं. आईची बाही तुझ्या बाहीपेक्षा घट्ट येईल, आत्ताच सांगते. तिला चार इंचात किती बसतात ते विचार.

---

साखळीटाका | १ डिसेंबर, सकाळी ७:२५

विचारलं. २४. आणि वर, "माझी घट्ट नाही, तुझी सैल आहे."

---

तारवटी | १ डिसेंबर, दुपारी १२:४०

आईंना नऊ नंबरची सुई द्या, पावणेचारच्या ऐवजी चारची देतोय असं सांगून. नाही, थांबा, उलटं. आठ तुमच्याकडे आहे ना? मग आईंना सात द्या, साडेचार मिमी. बघा, एकोणीस वर्षं विणूनही माणूस चुकतो या नंबरांत.

पाठीच्या लांबीबद्दल माघार घेतो. काल गाडीत बसून बघितलं.

---

साखळीटाका | १६ डिसेंबर, रात्री ११:५०

झाला. आईला सात नंबरची सुई दिली, नंबर पुसून. दोन्ही बाह्या शेवटी पाव इंचाने लहान-मोठ्या आल्या. धुऊन, टॉवेलवर पसरून, टाचण्या लावून ओढून सारख्या केल्या. सासूबाईंनी रात्रभर त्यावर टेबलफॅन लावला. त्यांनीच अकरा वर्षांत सगळ्यात जास्त वेळा विचारलंय, गोव्यात लोकर कशाला म्हणून. वजन ७३० ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर.

एक चूक राहिलीय. पाठीवर डाव्या बाजूला एक उलट टाका सुलट आहे. गवे आले तिथला. ठेवला.

---

म्हापशाची_मॉन्ट्रियलला | ९ जानेवारी, पहाटे ४:१५

पोचला का? इथे काल उणे २३ होतं.

---

साखळीटाका | ९ जानेवारी, रात्री ९:३०

पोचला. भावाचा फोन आला. स्वेटर अगदी बरोबर बसतो, हात उचलला तरी वर येत नाही, गळा टोचत नाही. टायर बदललेत. आणि गाडीत हीटर एवढा जोरात असतो की तो टी-शर्टवर चालवतो, स्वेटर मागच्या सीटवर.

बर्फ खरवडायला उतरतो तेव्हा घालतो म्हणाला. दिवसातून पाच-सहा वेळा उतरावं लागतं, असंही घाईघाईने म्हणाला, माझा आवाज ऐकून.

आता मोजे मागतोय. पेडलवर पाय गार पडतात म्हणे. पायाचा नंबर ९ सांगितलाय. ५६ टाके घेऊ की ६४?

---

मडगावची_मावशी | ९ जानेवारी, रात्री ९:३८

९ कुठल्या देशाचा?